महाराष्ट्रातील मद्यपानाची समस्या

महाराष्ट्रातील मद्यपानाची समस्या ही राज्यातील सार्वजनिक आरोग्य, कौटुंबिक जीवन, कायदा आणि शासकीय महसूल या चारही क्षेत्रांशी निगडित असलेली सामाजिक समस्या आहे. मद्यपान करणारी प्रत्येक व्यक्ती व्यसनी नसते. मात्र मद्याचा अतिरेकी, घातक किंवा परावलंबी वापर मद्यपीपुरता मर्यादित राहत नाही. त्याचे परिणाम कुटुंब, शेजार, कामाचे ठिकाण आणि रस्ता येथपर्यंत पोहोचतात. महाराष्ट्रात या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकापासून सामाजिक चळवळी झाल्या, संपूर्ण दारूबंदीचा प्रयोग झाला, पुढे ती शिथिल करण्यात आली, काही जिल्ह्यांत स्वतंत्र दारूबंदी लागू झाली आणि स्त्रियांच्या मतदानाने गावातील दुकान बंद करण्याची तरतूदही करण्यात आली.

संज्ञा

मराठीत ‘दारू’ हा शब्द सर्व प्रकारच्या मादक पेयांसाठी वापरला जातो. कायद्याच्या व प्रशासनाच्या भाषेत देशी मद्य, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य, बिअर आणि वाइन असे प्रकार मानले जातात. परवान्याशिवाय गाळलेल्या दारूला हातभट्टीची किंवा गावठी दारू म्हणतात. विदर्भातील जंगलपट्ट्यात मोहाच्या फुलांपासून दारू गाळण्याची जुनी पद्धत आहे. त्यासाठी फुले आंबवून तयार केलेल्या मिश्रणाला मोहसडवा असे नाव आहे. अन्यत्र गूळ आणि नवसागर वापरून ‘कच्चे रसायन’ तयार केले जाते.

वैद्यकशास्त्रात मद्यपानाच्या समस्येच्या दोन पायऱ्या केल्या जातात. शरीराला किंवा मनाला इजा होत असूनही मद्यपान चालू ठेवणे म्हणजे घातक वापर. पिण्याची अनावर ओढ, प्रमाणावरील ताबा सुटणे, तोच परिणाम साधण्यासाठी अधिकाधिक मद्य लागणे आणि न मिळाल्यास थरकाप, घाम, निद्रानाश यांसारखी लक्षणे दिसणे, या अवस्थेला मद्यासक्ती किंवा मद्यपाश म्हणतात. मद्यासक्ती हा केवळ स्वभावदोष किंवा संस्कारांचा अभाव नसून उपचार करता येण्याजोगा आजार आहे, असे आधुनिक वैद्यकशास्त्र मानते.

व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यपानामुळे झाले. त्या वर्षातील एकूण मृत्यूंमध्ये हे प्रमाण ४.७ टक्के होते. जगातील सुमारे ४० कोटी व्यक्ती मद्यपानाशी संबंधित विकारांनी ग्रस्त असल्याचे याच अहवालात म्हटले आहे.

भारतातील मादक पदार्थांच्या वापराचे एक मोठे सर्वेक्षण केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केले. त्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांमध्ये १.६ टक्के आढळले. सुमारे ५.७ कोटी लोकांचे मद्यपान घातक किंवा परावलंबी स्वरूपाचे असून त्यांपैकी सुमारे २.९ कोटी व्यक्ती मद्यासक्त आहेत. मद्यासक्त असलेल्या ३८ व्यक्तींपैकी केवळ एकीला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे दिसून आले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ वर्षांवरील पुरुषांत मद्यपानाचे प्रमाण १८.८ टक्के आढळले. महाराष्ट्रात ते १३.९ टक्के होते. राज्यातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. महाराष्ट्राची सरासरी देशाच्या सरासरीपेक्षा कमी असली, तरी या आकड्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. सर्वेक्षणात मद्यपानाची कबुली देण्यास अनेक जण, विशेषतः स्त्रिया, संकोच करतात. शिवाय राज्याच्या सरासरीमागे जिल्ह्याजिल्ह्यांतील मोठी तफावत झाकली जाते. पिणाऱ्यांची संख्या तुलनेने कमी असूनही स्त्रियांवर होणारा परिणाम मात्र व्यापक आहे, कारण दारू न पिणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच पिणाऱ्याच्या वर्तनाची झळ सोसतात.

इतिहास

ब्रिटिश राजवटीत मद्यनिर्मिती आणि विक्री यांवर अबकारी कर बसवून ते उत्पन्नाचे स्थायी साधन करण्यात आले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या व्यवस्थेला एकसूत्री रूप दिले. मक्त्याने चालणाऱ्या दुकानांची संख्या वाढू लागल्यावर समाजसुधारकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांना लेखी विरोध नोंदवला. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या गुत्त्यांसमोर निरोधन करण्यात आले. सरकारचा महसूल आणि प्रजेचे हित यांतील विरोध हा या आंदोलनाचा मुख्य मुद्दा होता. पुढे महात्मा गांधींनी मद्यपाननिषेधाला आपल्या विधायक कार्यक्रमात स्थान दिले. संत गाडगेबाबा आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी कीर्तने आणि भजने यांच्या माध्यमांतून खेडोपाडी व्यसनमुक्तीचा प्रचार केला.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर हा प्रयोग मागे पडला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदातही, औषधी प्रयोजन वगळता, मादक पेयांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. या अधिनियमास आव्हान देण्यात आले असता सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात त्यातील बहुतेक तरतुदी वैध ठरवल्या. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांसंबंधीच्या काही तरतुदी मात्र रद्द केल्या.

दारूबंदीच्या काळात मुंबईत चोरट्या दारूचे अड्डे फोफावले. घरगुती स्वरूपाच्या काही अड्ड्यांना ‘आंटीचा अड्डा’ असे नाव पडले. बेकायदा गाळप आणि वाहतूक यांतून संघटित गुन्हेगारीला पैसा मिळाला, तर पोलीस यंत्रणेत भ्रष्टाचार वाढला. १९६० मध्ये राज्याचे विभाजन झाल्यावर गुजरातने दारूबंदी कायम ठेवली; महाराष्ट्राने मात्र त्या दशकात ती टप्प्याटप्प्याने शिथिल करून परवाना पद्धत स्वीकारली. आजही प्रचलित असलेले ‘परमिट रूम’ हे नाव त्याच व्यवस्थेची खूण आहे. १९७३ च्या नियमांनी देशी मद्याच्या निर्मितीस आणि विक्रीस सविस्तर चौकट मिळाली. राज्यातील साखर कारखान्यांतून निघणारी मळी हा मद्यार्काचा प्रमुख कच्चा माल असल्याने साखर उद्योग आणि मद्य उद्योग यांचा निकटचा संबंध निर्माण झाला.

आरोग्यावरील परिणाम

मद्यातील इथेनॉल यकृतात विघटित होते. दीर्घकाळ अतिमद्यपान केल्यास यकृतात प्रथम चरबी साठते, नंतर दाह होतो आणि अखेरीस यकृताची सूत्रणवृद्धी, म्हणजे सिऱ्होसिस, होऊ शकते. पहिल्या अवस्थेत मद्यपान थांबवल्यास यकृत बहुधा पूर्ववत होते. शेवटच्या अवस्थेतील हानी सहसा भरून येत नाही. स्वादुपिंडाचा दाह, उच्च रक्तदाब, हृदयाच्या स्नायूंची दुर्बलता आणि मज्जातंतूंचे विकार हेही परिणाम संभवतात. आहाराची आबाळ आणि ‘ब१’ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे स्मृतिभ्रंश होऊ शकतो. मद्याचा संबंध २०० हून अधिक आजार आणि इजांशी असल्याचे जागतिक आरोग्य संघटना नमूद करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला पहिल्या गटातील कर्ककारक ठरवले असून मुख, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. तंबाखू आणि मद्य यांचे एकत्र सेवन मुखाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढवते. गर्भवती स्त्रीच्या मद्यपानामुळे गर्भाच्या वाढीत आणि बुद्धीत कायमचे व्यंग राहू शकते.

दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू अचानक आणि वैद्यकीय देखरेखीविना सोडल्यास फेफरे येणे, भ्रम होणे, जवळच्या माणसांना न ओळखणे अशी गंभीर लक्षणे दोन ते चार दिवसांत उद्भवू शकतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते.

विषारी दारूची प्रकरणे

हातभट्टीच्या किंवा बनावट दारूत मिथेनॉल मिसळले गेल्यास सामूहिक मृत्यू घडतात. मिथेनॉल हा उद्योगांत वापरला जाणारा स्वस्त द्रव असून शरीरात त्याचे फॉर्मिक आम्लात रूपांतर होते. त्यामुळे रक्तातील आम्लता वाढते, दृष्टीच्या मज्जातंतूला इजा होते आणि रुग्ण आंधळा होतो किंवा दगावतो. लक्षणे काही तासांनंतर दिसू लागत असल्याने रुग्ण रुग्णालयात उशिरा पोहोचतो. वेळेवर उतारा व रक्तशुद्धीकरण केल्यास प्राण वाचू शकतात.

मुंबईत विक्रोळी येथे डिसेंबर २००४ मध्ये विषारी दारूने ८० हून अधिक जणांचा बळी घेतला. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागातील अशाच घटनेत १०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या प्रकरणी न्यायालयाने २०२४ मध्ये काही आरोपींना दोषी ठरवून शिक्षा सुनावली, तर अनेकांची निर्दोष मुक्तता झाली. दोन्ही घटनांतील मृत प्रामुख्याने हातावर पोट असलेल्या वर्गातील होते. परवानाधारक दुकानातील मद्य न परवडणाऱ्या ग्राहकापर्यंत हातभट्टीची दारू पोहोचते, हे या घटनांमागील समान सूत्र होय.

कौटुंबिक व सामाजिक परिणाम

रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात मद्यपानाचा पहिला आघात घरखर्चावर होतो. मजुरीचा मोठा भाग दारूवर गेल्याने किराणा, औषधोपचार आणि मुलांचे शिक्षण यांना कात्री लागते. उसनवारी वाढते, स्त्रीचे दागिने आणि घरातील भांडीकुंडी गहाण पडतात किंवा विकली जातात. कर्ता पुरुष आजारी पडल्यास उत्पन्न थांबते आणि उपचाराचा खर्च वाढतो. अकाली मृत्यू झाल्यास संसाराचा भार पत्नीवर आणि अनेकदा शाळा सोडावी लागलेल्या मुलांवर येतो.

कौटुंबिक हिंसेशी असलेला मद्यपानाचा संबंध सर्वेक्षणांतून स्पष्ट झाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, पती वारंवार दारूच्या नशेत असतो अशा स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवली होती. पती दारू पीत नाही अशा स्त्रियांत हे प्रमाण २३ टक्के होते. दारू न पिणाऱ्या घरांतही हिंसा आढळते, म्हणून मद्य हे हिंसेचे एकमेव कारण मानता येत नाही. मात्र त्यामुळे हिंसेची शक्यता आणि तीव्रता वाढते.

मद्यपी पालकाच्या घरातील मुलांमध्ये भीती, अभ्यासातील पीछेहाट, अकाली प्रौढपण आणि कमीपणाची भावना आढळते. घरातील गोष्ट बाहेर कळू नये म्हणून मुले मित्रांना घरी बोलावणे टाळतात. शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेतही दारूचा उल्लेख वारंवार होतो. कर्जबाजारीपणा, नापिकी, नैराश्य आणि मद्यपान हे घटक परस्परांत गुंतलेले असतात. त्यामुळे दारूला एकमेव कारण ठरवणे जसे अपुरे आहे, तसेच तिच्याकडे दुर्लक्ष करणेही अपुरे ठरते.

मद्य पिऊन वाहन चालवणे हे अपघातांचे एक महत्त्वाचे कारण आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायदा आणि महसूल

मद्याचे उत्पादन, विक्री आणि त्यावरील कर हे विषय राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीत येतात. मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे उत्पादन शुल्क आणि मूल्यवर्धित कर हे राज्याच्या तिजोरीचे महत्त्वाचे स्रोत ठरतात. मुंबई दारूबंदी अधिनियम पुढे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या कायद्याच्या शीर्षकात ‘दारूबंदी’ आहे, त्याच कायद्याखाली मद्यविक्रीचे परवाने दिले जातात. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी २१ वर्षे आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याची तरतूद १९८१ च्या एका स्वतंत्र कायद्यात आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार वैद्यकीय कारणाशिवाय बालकास मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो.

राज्य उत्पादन शुल्क विभाग मद्यावरील महसूल गोळा करतो, तर व्यसनमुक्तीचे प्रचारकार्य प्रामुख्याने सामाजिक न्याय विभागाकडे आहे. शासनाच्या या दुहेरी भूमिकेवर वेळोवेळी टीका झाली आहे. धान्यापासून मद्यार्क निर्मितीला अनुदान देण्याचे २००७ मधील धोरण वादग्रस्त ठरले. सुपर मार्केटमध्ये वाइन विक्रीस परवानगी देण्याच्या जानेवारी २०२२ मधील मंत्रिमंडळ निर्णयास अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला. द्राक्ष उत्पादकांचे हित हे त्या निर्णयाचे समर्थन होते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्कात मोठी वाढ केली आणि त्यातून सुमारे १४,००० कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षिला. किंमत वाढल्यास एकूण सेवन घटते, असे अनेक देशांचा अनुभव सांगतो. मात्र बेकायदा दारू सहज उपलब्ध असेल, तर ग्राहक तिकडे वळण्याचा धोका असतो.

दारूबंदी आणि स्त्रियांची आंदोलने

गांधीजी आणि विनोबा भावे यांच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, गावोगावची मंडळे आणि आदिवासी स्त्रिया यांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. जिल्ह्याच्या वार्षिक विकास योजनेपेक्षा लोकांचा दारूवरील खर्च अधिक आहे, हा या आंदोलनाचा प्रभावी मुद्दा होता. २०१६ पासून तेथे ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा जिल्हाव्यापी उपक्रम राबवण्यात आला. त्यात गावपातळीवरील संघटन, कायद्याची अंमलबजावणी आणि उपचार यांची सांगड घालण्यात आली.

चंद्रपूर जिल्ह्यात पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या पुढाकाराने स्त्रियांनी दीर्घ लढा दिला. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर त्यांनी पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून तेथे दारूबंदी लागू झाली. अवैध विक्री, गुन्ह्यांतील वाढ आणि बुडालेला महसूल ही कारणे पुढे करून राज्य मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी ती उठवली. बंदी अपयशी ठरली की तिची अंमलबजावणी, या मुद्द्यावर मतभेद आहेत. बंदीच्या विरोधकांच्या मते शेजारच्या जिल्ह्यांत दारू मिळत असताना एका जिल्ह्यापुरती बंदी टिकत नाही. समर्थकांच्या मते चोरून आणि महाग मिळणाऱ्या दारूमुळेही एकूण सेवन कमी होते व गावात स्त्रियांना बोलण्याचे बळ मिळते.

संपूर्ण जिल्ह्याऐवजी गाव किंवा प्रभाग पातळीवर निर्णय घेण्याची सोय २००८ च्या शासकीय आदेशाने झाली. गावातील किमान २५ टक्के मतदारांनी किंवा महिला मतदारांनी लेखी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर ‘उभी बाटली’ आणि ‘आडवी बाटली’ अशी चिन्हे असतात. नोंदणी असलेल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी ‘आडवी बाटली’ला कौल दिल्यास दुकान बंद होते. झालेल्या मतदानाऐवजी एकूण नोंदणीच्या निम्म्याहून अधिक मतांची अट असल्याने, स्थलांतरित आणि अनुपस्थित मतदार दुकानाच्याच बाजूचे ठरतात, असा आक्षेप कार्यकर्त्या घेतात. तरीही राज्यातील अनेक गावांत स्त्रियांनी या मार्गाने दुकाने बंद केली आहेत. हा आदेश केवळ परवानाधारक दुकानांना लागू होतो. हातभट्टीविरुद्ध पोलीस व उत्पादन शुल्क विभागाकडेच दाद मागावी लागते.

उपचार व व्यसनमुक्ती

मद्यासक्तीवरील उपचाराचे साधारणतः तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात वैद्यकीय देखरेखीखाली दारू थांबवून त्रासदायक लक्षणे औषधांनी आटोक्यात आणली जातात. दुसऱ्या टप्प्यात समुपदेशन, गटोपचार आणि कुटुंबाचे मार्गदर्शन होते. तिसरा टप्पा दीर्घ पाठपुराव्याचा असतो. व्यसन पुन्हा उफाळणे हा या आजाराचा नेहमीचा भाग असून त्यामुळे उपचार निष्फळ ठरला असे मानले जात नाही. डायसल्फिरम, नाल्ट्रेक्झोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरली जातात. रुग्णाच्या नकळत चहा-जेवणातून औषध देऊन दारू सोडवण्याच्या जाहिराती सर्रास आढळतात. डायसल्फिरम घेतलेल्या व्यक्तीने दारू प्यायल्यास तीव्र प्रतिक्रिया होते आणि क्वचित प्राणही जाऊ शकतो. त्यामुळे ते रुग्णाच्या संमतीविना देणे धोकादायक आहे.

पुण्यातील ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केले. त्यासाठी पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य केले होते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ‘परिवर्तन’ हे केंद्र उभारले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ३१ डिसेंबरच्या निमित्ताने राबवलेली ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ ही मोहीम शाळा-महाविद्यालयांत परिचित आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या स्वमदत गटाच्या सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मराठीतून होतात. मद्यपींच्या नातेवाइकांसाठी ‘अल-ॲनॉन’ हे गट काम करतात. केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क मदतवाहिनी उपलब्ध आहे. मागणीच्या तुलनेत केंद्रांची संख्या अपुरी असून ग्रामीण भागात मानसोपचारतज्ज्ञ दुर्मीळ आहेत.

साहित्य आणि भाषा

मद्यपानाने होणारा कुटुंबाचा विध्वंस राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचा विषय आहे. १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या निधनानंतर, ते रंगभूमीवर आले. बुद्धिमान वकील सुधाकर, त्याची सोशिक पत्नी सिंधू आणि त्याला दारूकडे नेणारा तळीराम या पात्रांनी मराठी मनावर खोल ठसा उमटवला. ‘तळीराम’ हे विशेषनाम पुढे मद्यपी या अर्थी सामान्यनाम बनले. वृत्तपत्रांत ते आजही बहुधा विनोदाने वापरले जाते. मूळ नाटक मात्र शोकांतिका आहे.

हेही पहा

- एकच प्याला
- मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र
- महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम
- यकृताचे विकार
- कौटुंबिक हिंसाचार